धानाच्या खोलीची शांतता

आमच्या घरातला स्टुडिओ दिवाळीनंतर उगवतो आणि धान विकलं की मावळतो.

केशोरीत आमचं घर चार खोल्यांचं. मागची खोली धानाची. धान घरी आलं की आबाजी, म्हणजे माझे आजोबा ताराचंद, तिन्ही भिंतींना लागून कट्टे रचून घेतात, पार छताच्या हातभर खालपर्यंत. कट्टा म्हणजे धानाचं भरलेलं पोतं. एरवी या खोलीत शिंकलं तर दोनदा शिंकल्यासारखं वाटतं. कट्टे लागले की आवाज तोंडातून निघतो आणि समोरच बसून राहतो, कुठेच जात नाही. मोठ्या शहरांत यासाठी भिंतींना कसला महागडा फोम लावतात म्हणे. आमच्याकडे धान लावतात.

हा शोध राजदीप काकाजींचा. ते बाबांचे लहान भाऊ, वय एकतीस. त्यांना जन्मापासून दिसत नाही. ते दोन कामं करतात. दिवसा पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून सॉफ्टवेअर लिहितात, आणि उरलेल्या वेळात आवाजाचं काम: रेकॉर्ड करणं, साफ करणं, जोडणं. गावाला दुसरं काम कळतं, पहिलं कळत नाही, कारण त्यांच्या लॅपटॉपची स्क्रीन कायम काळी असते. कोणी विचारलं तर ते म्हणतात, "बॅटरी कायले जाळू?" लॅपटॉप त्यांना सगळं बोलून दाखवतो, तेही इतक्या वेगात की गरम तेलात मोहरी पडली असं वाटावं. आई म्हणते, हे मराठी नाही. मराठीच आहे. मला आता अर्धं तरी कळतं.

शाळेत एकदा काकाजींचं भाषण ठेवलं होतं, प्रेरणा वगैरे मिळावी म्हणून. काकाजींनी अर्धा तास मायक्रोफोनची तार पीळ न पडता कशी गुंडाळायची ते शिकवलं. मुख्याध्यापकांनी आभार मानले, पण जरा विचार करून मानले.

आता माझ्याबद्दल. मी मोनाली, दहावीत आहे. मागच्या वर्षापर्यंत वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला निघायचा. मग काकाजींना वाचणारं कोणीतरी हवं होतं आणि घरात रिकामी मीच होते. पहिल्या दिवशी मी 'अनुक्रमणिका' हा शब्द सात वेळा वाचला. महिनाभरानं माझाच आवाज मी हेडफोनमध्ये ऐकला आणि मला तो आवडला, खोटं कशाला सांगू! तेव्हापासून परिपाठात बातम्या मी वाचते, स्नेहसंमेलनात निवेदन मी करते, आणि मराठीच्या बाई म्हणतात, "मोनाली, बाकीच्यांनाही बोलू दे."

डिसेंबरमध्ये आम्ही जे पुस्तक वाचत होतो ते नमुन्याचं होतं. दिसत नसणाऱ्यांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेनं ते दिलं होतं. एकट्यानं घर कसं चालवावं, गॅस, वीज, स्वयंपाक, औषधं, असं सगळं त्यात होतं. बारा प्रकरणं, दोनशे चौदा पानं. पुस्तक पास झालं तर संस्थेचं काम काकाजींना मिळणार होतं. आणि ते मिळणं गरजेचं होतं, कारण पुण्याच्या कंपनीनं सगळ्यांना पत्र पाठवलं होतं की एक जानेवारीपासून घरून काम बंद, ऑफिसात या.

काकाजी आधी चार वर्षं पुण्यात राहून आले आहेत. त्याबद्दल ते एवढंच सांगतात, "खोलीतून उचलून खुर्चीत, खुर्चीतून उचलून खोलीत. पार्सल होतो मी." केशोरीत ते काठी घेऊन एकटे तलावाच्या पाळीपर्यंत जातात, आणि वाटेत कोणाची म्हैस बसली आहे तेही आम्हाला येऊन सांगतात. म्हणजे हिशेब सोपा होता. पुस्तक पास, तर काकाजी इथे. नापास, तर पार्सल. फायली सोमवारी सकाळी दहापर्यंत पाठवायच्या होत्या.

काकाजींचे नियम कडक. रोज वाचायला बसण्याआधी मी एक टाळी वाजवायची आणि मग दोघांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं. टाळी विरायला किती वेळ लागतो आणि नंतर उरते ती शांतता कशी आहे, दोन्ही रेकॉर्ड व्हायचं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, हे मला आधी माहीत नव्हतं. काकाजींनी त्यासाठी स्वतः एक प्रोग्राम लिहिला आहे. एका जागेची टाळी त्याला ऐकवून ठेवली आणि दुसऱ्या जागी टाळी वाजवली, की फरकाप्रमाणे तो पिपाणीसारखा वाजतो. फरक जास्त तर सूर वर, कमी तर खाली. जुळलं की गप्प. संस्थेची पहिली अटच ती होती: पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खोली एकच वाटली पाहिजे.

दुसरा नियम, खोलीत खायचं नाही.

सातव्या प्रकरणाच्या दिवशी आईनं मुरमुऱ्याचे लाडू केले होते. गूळ जरा सैल राहिला होता. मी दोन ओढणीत बांधून आत नेले आणि काकाजी फाईल सेव्ह करत असताना एकेक घास उरकत होते. काकाजींनी मान वर केली.

"मोनाली, तोंडात काही आहे का?"

"नाही जी."

"बरं."

त्या दिवशी मी जोरात वाचलं. एकदाही न अडखळता, पंचवीस पानं! मला वाटलं, आता मला कोणी शिकवायचं राहिलेलं नाही.

दोन दिवसांनी काकाजी ते प्रकरण जोडत बसले होते. मी बाहेर आरशासमोर वेणी घालत होते.

"मोनाली, हे आयक." लॅपटॉपमधून माझा आवाज आला: 'मिक्सर उघडायचा असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसून घ्यावा.'

"हे बरोबर आहे का व? मेन स्विच चालू, आणि ओलं फडकं?"

"पुस्तकात तसंच लिहून आहे, काकाजी. मी का मनानं वाचते का?"

"एक डाव पाहून घे."

"पाहिलं जी!"

पाहिलं नव्हतं. पुस्तक दप्तरात होतं, दप्तर खुंटीला होतं आणि वेणी अर्धी झाली होती.

बुधवारी वाचन संपलं. गुरुवारी आबाजींच्या मोबाईलवर निरोप आला की धान खरेदी केंद्रावर आमचा नंबर लागला आहे. आबाजी दारात उभे राहून म्हणाले, "राजदीप, खोली खाली केली तं चालते का?"

"चालते, बाबा. वाचणं झालं."

शुक्रवारी ट्रॅक्टर आला आणि दुपारपर्यंत स्टुडिओ गेला. मागे उंदरांच्या चार लेंड्या आणि एक खुर्ची राहिली.

शनिवारी सकाळची शाळा. मी पुस्तक घेऊन गेले होते, कारण मंजूला दाखवायचं होतं की मी कुठे श्वास घेते त्यावर पेन्सिलीनं कशा खुणा केल्या आहेत. मंजू माझ्या बाकावर बसते. तिला कशाचंच कौतुक नसतं. ती पानं चाळत होती.

"हे पान जाड काऊन आहे व?"

"कोणतं?"

तिनं नखानं कड सोडवली. चर्र असा आवाज झाला आणि मध्ये एक मुरमुरा निघाला, गुळासकट चपटा झालेला. एका बाजूला पान एकशे बत्तीस, दुसऱ्या बाजूला एकशे तेहेतीस. मी ती दोन्ही पानं आयुष्यात कधी पाहिली नव्हती. एकशे बत्तीसची पहिली ओळ होती, 'त्याच्या आतल्या भागाला हात लावू नये.'

मंजूनं आधीचं पान वाचलं, नंतरचं वाचलं, मग मधलं वाचलं. "म्हणजे ज्याले दिसत नाही, तो तुह्या भरवशावर करंट खाईन."

मंजू अशीच बोलते. ती चुकीचं बोलली असती तर बरं झालं असतं.

साडेअकराला मी घरी आले. काकाजी रिकाम्या खोलीत त्या एकट्या खुर्चीवर बसून फायलींना नावं देत होते. मी आंघोळीचं पाणी भरलं. कोणी सांगितलं नसताना भांडी घासली. आई म्हणाली, "आज का झालं हिले?" चार वाजता मी खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काकाजी, दोन पानं राहिली."

ते थांबले. लॅपटॉप आणखी एक वाक्य तडतडला आणि तोही थांबला.

"कोणती?"

मी सगळं सांगितलं. मुरमुरासुद्धा.

"दोन पानं वाचायले किती वेळ लागते?"

"चार मिनिटं."

"आणि सांगायले साडेचार तास लागले." ते रागावले नव्हते, नुसतं मोजत होते. मग म्हणाले, "मले आयकून समजलं होतं. तरी तुले विचारलं, आणि माह्या कानापेक्षा तुह्या डोळ्यावर भरवसा ठेवला. तेवढी चूक माही. बाकीची तुही. वाजव टाळी."

मी टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत ती भिंतीभिंतीवर जाऊन आली. प्रोग्राम असा किंचाळला की गोठ्यातली गाय उभी राहिली.

"असंच वाचून मधे टाकलं तं?" मी विचारलं.

"आयकणारा खोलीत बसून आहे. मधेच तो विहिरीत पडते, चार मिनिटांनी वर येते. मंग तो मिक्सरचं आयकन का विहिरीचं?"

आम्ही घरातल्या सगळ्या गोधड्या दोरीवर टांगल्या. पिपाणी थोडी खाली आली. समोरच्या खोलीत घरी खायला ठेवलेले अकरा कट्टे होते. ते बाबांनी आणि आबाजींनी उचलून आणले. एक भिंत कशीबशी झाली. पिपाणी आणखी खाली, पण गप्प नाही. मग मी अंगणातल्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात भोक पाडून आत बसून पाहिलं. तिथे शांतता चांगली होती, पण मी श्वास घेतला की तणीस खसखसायचं, आणि पाठीवर काहीतरी चालायला लागलं.

आबाजी खाटेवर बसले. "मले आधी सांगतलं असतं तं मी दोन दिवस थांबलो असतो."

सगळे माझ्याकडे पाहत होते, काकाजीसुद्धा, म्हणजे त्यांचा कान माझ्याकडे होता.

"कट्टे जिथे गेले तिथे जाऊ," मी म्हणाले.

केंद्राच्या गोदामाचा रखवालदार बकाराम आबाजींच्या ओळखीचा. आबाजींनी फोन लावला. फोनवर ते तीनदा म्हणाले, "नाही बाप्पा, परत न्यायचे नाहीत. नुसतं बसायचं आहे." चौथ्यांदा म्हणाले, "तुले उद्या पाहूनच समजन."

रविवारी सकाळी सातला आम्ही गोदामासमोर होतो. काकाजींच्या पाठीवर लॅपटॉप, माझ्या हातात मायक्रोफोन आणि पुस्तक. थंडी अशी की शब्दाआधी वाफ निघत होती. बकारामजी कानाला मफलर बांधून, किल्ल्या वाजवत आले.

"का राजदीप, कट्टे मोजायले आला का?"

"नाही जी. आयकायले."

"कट्टे का बोलतेत?"

"नाही बोलत. म्हणून तं आलो."

बकारामजींनी माझ्याकडे पाहिलं. मी अशा वेळी फार शहाणा चेहरा करते. त्यांनी कुलूप काढलं.

गोदामात धानाच्या थप्प्या होत्या, घरापेक्षा उंच, मध्ये माणूस जाईल एवढ्या गल्ल्या. आमचे कट्टे त्यात कोणते हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. सगळ्यांचं धान सरकारी पोत्यांत भरून एकसारखं झालं होतं.

"लवकर उरका," काकाजी म्हणाले. "ऊन पत्र्यावर आलं का पत्रा तडतडते. नऊपर्यंत आहे वेळ."

ते लॅपटॉप छातीशी धरून एका हातानं पोती चाचपत पुढे, मी मागे. दर चार पावलांवर मी टाळी वाजवायची. पहिल्या गल्लीत पिपाणी वर. दुसऱ्या गल्लीत खाली. तिसरीत अगदी खाली, म्हशीच्या हंबरण्यासारखी. काकाजी थांबले, दोन पावलं मागे आले, एक पाऊल उजवीकडे सरकले. "वाजव."

मी वाजवली. प्रोग्राम गप्प.

पुन्हा वाजवली. गप्प. आमचीच खोली होती ती. डोळे मिटले असते तर मागे आईचा झाडू ऐकू आला असता असं वाटलं.

बकारामजी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून खोकले. काकाजी म्हणाले, "बकारामजी, चार मिनिटं खोकू नका."

"चार मिनिटं तं मी झोपेतही थांबत नाही."

"मंग बाहेर खोका जी."

ते गेले, पण दार किलकिलं ठेवून तिथेच उभे राहिले.

मी वाचलं. दोन्ही पानं, एकही चूक नाही. काकाजींनी जुनं एकशे एकतिसावं पान आणि नवं एकशे बत्तिसावं पान एकापाठोपाठ लावून ऐकलं. मान हलवली.

"खोली जुळली. तू नाही जुळली."

"म्हणजे?"

"त्या दिवशी फुगून वाचत होती. आज कोणी मारन अशी वाचून राहिली. पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. आवाज मोठा केला.

"हे ओरडणं झालं. पुन्हा."

साडेसात. आठ. कुठेतरी वर चिमण्या जाग्या झाल्या, त्यांच्यासाठी दोनदा थांबावं लागलं. मी सहाव्यांदा वाचलं तेव्हा माझा आवाज चक्क रडका निघाला. आणि मी रडत नव्हते! मला त्या पंचवीस पानांतली ती मुलगी नको होती. तीच तर खोटं बोलली होती. आणि आता तिच्याच आवाजात पुन्हा वाचायचं, तेही तिच्याइतकं खूश होऊन.

काकाजींनी हेडफोन गळ्यात घेतले आणि जॅकेटच्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"घे."

मुरमुऱ्याचा लाडू.

"काकाजी, खोलीत खायचं नाही."

"त्या दिवशी तू खाल्ला होता. तुही जीभ टाळूले चिकटत होती. 'स' जड निघत होता. सातवं प्रकरण सगळं तसंच आहे."

"मंग तेव्हाच काऊन नाही बोलले?"

"वाचत चांगली होती. थांबवली असती तं घाबरली असती." त्यांनी पुडी माझ्याकडे सरकवली. "घाबरली असती तं बरं झालं असतं, ते आता समजलं. खा. अर्धा खा, गिळून घे, पाणी पिऊ नको."

मी खाल्ला. थंडीनं गूळ घट्ट झाला होता आणि दाढेला बसला. दाराच्या फटीतून बकारामजी म्हणाले, "आयकायले आले म्हणते, आणि नाश्ता करून राहिले." मला हसू आलं. काकाजींनी त्याच क्षणी बोट वर केलं, म्हणजे सुरू.

मी वाचलं. 'त्याच्या आतल्या भागाला हात लावू नये. आधी बोर्डावरचा स्विच, मग मेन स्विच, मग वायर, या क्रमाने...' मी हळूहळू वाचलं, कारण पहिल्यांदाच मी ते कोणाला तरी सांगत होते. कोणीतरी एकटं, मिक्सरसमोर उभं असलेलं. पण जीभ तशीच जड होती आणि हसू अजून ओठांत होतं. शेवटची ओळ संपली आणि वर पत्र्यावर पहिला तडाका वाजला. ऊन आलं होतं.

काकाजींनी तिन्ही पानं सलग ऐकली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकली नाहीत, म्हणजे झालं.

घरी येऊन त्यांनी ते जोडलं आणि मला पुस्तक हातात घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आवाजाबरोबर बोट फिरवायला लावलं. दोनशे चौदा पानं. प्रत्येक पान उलटताना ते कान देऊन बसत. "एका पानाचा आवाज येगळा, दोन पानांचा येगळा," ते म्हणाले. "हे मले आधीच करायले पायजे होतं." आमचं जेवण तिथेच झालं, मध्ये एक झोपही झाली, माझी. सोमवारी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी फायली गेल्या.

नंतरचे अकरा दिवस काकाजींनी पुण्याचं काम नेहमीसारखं केलं. बाबांनी पुण्याचं तिकीट पाहून ठेवलं. आईनं काकाजींची मोठी बॅग धुऊन उन्हात टाकली आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं, "नुसती धुतली." मी शाळेत परिपाठाच्या बातम्या वाचल्या, पण आदल्या दिवशी दोनदा पाहून. मंजूच्या लक्षात आलं. तिनं मान डोलावली, हे तिच्या मानानं खूपच.

शुक्रवारी मेल आला. काकाजी आबाजींच्या खाटेवर बसले होते. लॅपटॉप तडतडला, थांबला.

"का म्हणते?" आबाजींनी विचारलं.

काकाजींच्या आधी मी सांगितलं, कारण मला सगळं कळलं होतं, अर्धं नाही, सगळं. पुस्तक पास. काम वर्षाचं नाही, सध्या तीन महिन्यांचं, पुढचं पुढे पाहू. आणि एक सूचना: सातव्या प्रकरणात वाचकाच्या तोंडात काहीतरी असल्यासारखं वाटतं, यापुढे काळजी घ्यावी.

"खोलीबद्दल काही लिहून आहे का?" काकाजींनी मला विचारलं. त्यांनी स्वतः ऐकलं होतं. तरी विचारलं.

मी लॅपटॉपला मेल पुन्हा वाचायला लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मग मीच म्हणाले, "नाही."

"मंग झालं."

त्यांनी पुण्याच्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं. सहा ओळींचं होतं. लॅपटॉपनं ते त्याच वेगात, त्याच आवाजात वाचलं, जसा तो बँकेचा संदेश वाचतो. आईनं अंगणातून बॅग आत आणली आणि माळ्यावर टाकली.

"पण खोली तं खाली आहे," आबाजी म्हणाले. "तीन महिने वाचान कुठी? बकाराम रोज थोडीच उघडन."

"मले नाही माहीत जी," मी म्हणाले. या वेळी माहीत असल्यासारखं केलं नाही.

आबाजी उठले, टोपी घातली आणि गल्लीत निघून गेले. ज्यांचा नंबर अजून लागला नव्हता अशा घरांच्या दारात उभं राहून ते काय बोलत होते ते मला ओट्यावरून ऐकू येत होतं: आमच्याकडे कोरडी खोली आहे, उंदराले मांजर आहे, ठेवायचे असन तं ठेवा, नंबर लागला का घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या कवडूची बैलबंडी दारात लागली, तेवीस कट्टे. अकरा आमचे होतेच. दुपारपर्यंत दोन भिंती झाल्या.

काकाजी मधोमध खुर्चीवर बसले, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मी टाळी वाजवली. पिपाणी वाजली, पण बरीच खाली.

"अजून," काकाजी म्हणाले.

आबाजींनी पुन्हा टोपी घातली.